पुढच्या पायामागची जागा

कान्नो-सान समोरून कुत्रं आलं तरी आधी त्याचा पुढचा पाय बघायचे. तोंड नाही, शेपूट नाही, पाय. शेजारणीचं केसाळ कुत्रं असो, टीव्हीवरची गाय असो, नाहीतर जपानी देवळाच्या दारातला दगडी कोल्हा असो, सगळ्यांना त्यांची एकच नजर. ती पायावरून वर चढायची, कोपराशी थांबायची, तिथून चार बोटं मागे सरकायची आणि टेकायची. मग ते हलकेच मान हलवायचे, घर सापडल्यासारखी. मला हे ध्यानात यायला महिना लागला. आल्यावर मी विचारलं, "त्या गरीब कुत्र्याला मनातल्या मनात कशाला मारता?"

ते म्हणाले, "मारत नाही. जागा विसरू नये म्हणून बघतो."

कान्नो-सान गेल्या हिवाळ्यात वारले. लेकीनं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून ठेवा, तुमच्याइतकं त्यांना इथल्या गावातही कुणी ओळखत नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. पण वन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सोळा रोजंदारीवर, आणि साहेबांचे अहवाल मी सांगायचो तसेच लिहिले जायचे. तेव्हा हेही जमेल.

माझी लेक वैशाली मातीची शास्त्रज्ञ. भूकंप झाला, समुद्र आत आला, वीज केंद्र फुटलं, त्यानंतर फुकुशिमाच्या मातीत काय काय उतरलंय ते मोजायला जी माणसं तिथल्या विद्यापीठात आली त्यांतली ती एक. जावई कावासाकी शहरात एका कंपनीत, शनिवार-रविवार यायचा. पोर लहान. तिच्यासारख्या कामावरच्या लोकांना, पोर सात वर्षांचं होईस्तोवर, आईबाप जवळ ठेवता येतात असा तिथला कायदा. बायको माझी आधीच गेलेली. म्हणून मी एकटाच गेलो. पोरीला सकाळी पाळणाघरात सोडायचं, दुपारी आणायचं, मधला वेळ भिंतीकडे बघायचं. भिंतीकडे बघणं मला जमत नाही. मग मी वैशूच्या मागं लागलो की तुझ्या मातीच्या पिशव्या उचलायला मला ने.

शहराच्या पश्चिमेला डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला पीचच्या बागा. तिथं एका बागेत एक म्हातारा भर थंडीत झाडांना आंघोळ घालत होता. जोराच्या पाण्याची नळी हातात, अंगावर पिवळा रेनकोट, आणि एकेक फांदी, एकेक बेचकं तो धूत होता. सालीवर बसलेलं विष उतरावं म्हणून तिथल्या सगळ्या बागवानांनी दर हिवाळ्यात झाडं धुतली, असं वैशू म्हणाली. पण बाकीचे झाड धुवायचे. हा म्हातारा एका हातानं नळी धरून दुसऱ्या हाताचा तळवा सालीवर ठेवत होता, गुरांना पाणी घालताना ठेवतो तसा. मी वैशूला म्हटलं, हा माणूस नुसता बागवान नाही. यानं जनावर हाताळलेलं आहे.

ते खरं निघालं. कान्नो-सान पन्नास वर्षांचे शिकारी होते. मी रानातला आहे हे कळल्यावर त्यांनी नळी बंद केली आणि आम्हा दोघांना घरात नेलं.

आमची भाषा कशी जमली असं लोक विचारतात. माझं जपानी पाळणाघराच्या बायकांकडून शिकलेलं, म्हणजे 'जेवलास का' आणि 'बूट काढ' एवढंच. त्यांची बोली डोंगरातली, ती वैशूलाही अर्धी कळायची. पण दोन माणसांना जनावरावरच बोलायचं असेल तर फार शब्द लागत नाहीत. पुढं दोन वर्षांत मला बरंच समजायला लागलं. इथं मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, आणि ते बरोबर लिहितोय.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी दुकानाच्या जाहिरातीच्या कागदामागं पेन्सिलीनं अस्वल काढलं. समोरून काढलं. छातीवर पांढरी चंद्रकोर, तिकडच्या अस्वलांना असते तशी. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि खूण केली, कुठं मारणार?

मी कपाळावर टिंब दिलं. त्यांनी खोडरबरानं खोडलं. मी छातीवर, चंद्रकोरीच्या बरोबर मधे दिलं. त्यांनी तेही खोडलं. मला राग आला. मी म्हटलं, "वैशू, सांग यांना, मीही डुक्कर मारलंय." तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि पेन्सिल पुन्हा माझ्यासमोर ठेवली.

"मग तुम्हीच दाखवा ना," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि खिशात घातली. कागदाची घडी केली, तीही खिशात. वैशू हसायला लागली. म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, समोरून उभ्या अस्वलावर मारायची जागाच नाही. म्हणून काही काढलं नाही."

पुढं त्यांनी मला ते सगळं नीट समजावलं, दहा वेळा तरी. अस्वलाची कवटी उतरती, गोळी घसरते. डोकं सारखं हलतं. मान खाली घातली की छाती झाकली जाते. जरा वाकडं गेलं की गोळी पोटात, आणि पोटात गोळी घेऊन अस्वल मैलभर जातं, दाट झुडपात बसतं, आणि नंतर जो कुणी मशरूम वेचायला येईल त्याच्यावर उठतं. आणि ती चंद्रकोर? ती नेमासाठीच रंगवलीय असं वाटतं. "ती अस्वलाच्या आईनं आपल्याला फसवायला काढलीय," असं ते म्हणायचे. अस्वल आडवं झालं पाहिजे, पुढचा पाय मोकळा दिसला पाहिजे, त्या पायामागं, खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथं काळीज आणि फुप्फुसं दोन्ही आहेत. तिथं लागलं तर ते पन्नास पावलंही जात नाही.

"आणि आडवं झालंच नाही तर?"

"तर त्या दिवशी माझ्या हातात काठी आहे असं समजायचं."

मी त्यांना चिडवायचो. म्हणायचो, आमच्याकडचे शिकारी तुमच्यासारखे वाट बघत बसले असते तर गावं रिकामी झाली असती. ते म्हणायचे, "तुमच्याकडे माणसं जास्त आहेत, बोरकर-सान. तुम्हाला परवडतं." असा त्यांचा विनोद. चेहऱ्यावर रेषा हलायची नाही.

एक गोष्ट मात्र ते विनोदानं बोलत नसत. पूर्वी मारलेलं जनावर ते खायचे. मांस गावात वाटायचे, चरबी भाजल्यावर लावायला ठेवायचे, कातडं वापरायचे. वीज केंद्र फुटल्यापासून ते बंद झालं. जंगलातली मुळं, बिया, किडे सगळ्यांत ते विष उतरलेलं, तेच अस्वलाच्या मांसात. खायचं नाही, वाटायचं नाही. बागेत शिरलेलं जनावर नगरपालिका सांगेल तेव्हा मारायचं आणि खड्ड्यात पुरायचं. पहिल्या वर्षी, ते सांगायचे, पुरताना त्यांना शरम वाटली. म्हणाले, "आधी मी त्याच्याकडून घ्यायचो तरी. आता घेत काहीच नाही. तेव्हा त्याला द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे झटकन मरण. तेही नीट देता येत नसेल तर मी घरात बसावं."

माझ्या तिथल्या दुसऱ्या ऑगस्टमध्ये पीच पिकले आणि अस्वल खाली उतरलं. मोठं नर अस्वल. साइतोबाईंच्या बागेत सलग चार पहाटे आलं. साइतोबाई म्हणजे कान्नो-सानच्या शेजारच्या बागवान, विधवा, पासष्टीच्या, ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्या आणि तोंडानंही तेवढ्याच जोरात चालणाऱ्या. भूकंपानंतर दोन वर्षं त्यांचे पीच कुणी विकत घेत नव्हतं, आता कुठं घ्यायला लागले होते. अस्वलानं फांद्या मोडून टाकल्या. पालिकेनं परवानगी दिली आणि शिकारी संघानं कान्नो-सानना उभं केलं.

मी ट्रकच्या मागं होतो, साइतोबाई आणि आणखी पाचसहा जणांबरोबर. उजाडल्यावरच गोळी झाडायची हा कायदा. उजाडलं. अस्वल झाडाखाली बसलं होतं, माणसासारखं, दोन्ही हातांत फळ. तीस पावलांवर कान्नो-सान, बंदूक खांद्याला. अस्वलाचं तोंड त्यांच्याकडे.

आम्ही थांबलो. साइतोबाई पुटपुटल्या, "मारा ना." अस्वलानं एक फळ संपवलं, दुसरं घेतलं. ते काही वळेना. शेवटी उठलं आणि तसंच मागं मागं सरकून ओढ्यात उतरलं. कान्नो-साननी बंदूक खाली केली, गोळ्या काढल्या, आणि आमच्याकडे चालत आले.

साइतोबाई म्हणाल्या, "कान्नो-सान, तुम्हाला दिसत होतं ना ते?"

"दिसत होतं."

"मग हात थरथरत होता का?"

त्यांनी वाकून नमस्कार केला आणि ट्रकमध्ये बसले. त्या बाई मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "वय झालं की माणसानं सांगावं. आम्ही दुसऱ्याला बोलावू."

त्या महिनाभर गावात हेच चाललं. वाण्याकडे, बँकेत, कचरा टाकायच्या जागी. कुणी तोंडावर बोलायचं नाही, तिकडं तशी रीत नाही, पण ते आले की लोक बोलणं बदलायचे. मी त्यांना म्हटलं, मी सांगू का त्यांना ती पेन्सिलीची गोष्ट? ते म्हणाले, "नको. त्यांची फळं गेली आहेत. रागावू दे." पण त्यांना लागलं होतं. मी स्वतः मानी माणूस आहे. दुसऱ्याला कुठं लागलंय ते मला दिसतं.

ऑक्टोबरात तेच अस्वल तांबड्या फळांच्या झाडावर आलं, पर्सिमनच्या. साइतोबाईंच्याच घरामागं. दुसरा कुणी शिकारी मिळाला नव्हता. पुन्हा पहाट, पुन्हा कान्नो-सान, पुन्हा आम्ही ट्रकच्या मागं. या वेळी माणसं जास्त. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहून फांदी ओढत होतं, छाती सगळी उघडी, चंद्रकोर टॉर्च लावल्यासारखी पांढरी. कान्नो-साननी बंदूक उचलली. मला वाटलं, आता खाली करतील. त्यांनी बार काढला.

त्याच क्षणी अस्वलानं फांदी धरून अंग वर ओढलं होतं. जिथं छाती होती तिथं पोट आलं. ते धप्पकन पडलं, एकदा ओरडलं, आणि उठून बांबूगवतात घुसलं. डोंगराच्या उतारावर छातीइतकं उंच ते गवत, मैलभर पसरलेलं. मागं लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, लागली, लागली.

कान्नो-सान जिथं अस्वल पडलं होतं तिथं जाऊन गुडघ्यावर बसले. मीही गेलो. रक्त गडद होतं, फेस नव्हता, आणि त्यात हिरवट चोथा होता. वास आला. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पोट," ते म्हणाले.

"पोट," मी म्हणालो.

त्यांनी बोटं गवताला पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी अस्वलाकडे बघत नव्हतो. मागच्या माणसांकडे बघत होतो."

तासाभरात खांबांवरच्या भोंग्यांतून सूचना आली. भूकंपात लोकांना सावध करायला बसवलेले ते भोंगे. आता त्यांतून बाईचा गोड आवाज सांगत होता की जखमी अस्वल डोंगरात आहे, कुणी वर जाऊ नये, मुलांना शाळेत गाडीनं सोडावं. ऐन मशरूमचा मोसम. गावातली निम्मी माणसं रोज डोंगरात जाणारी. शिकारी संघाचा प्रमुख म्हणाला, कुत्री असलेली टोळी उद्या दुसऱ्या गावाहून येईल, तोवर खालचा रस्ता धरून ठेवू. कान्नो-सान म्हणाले, "तुम्ही रस्ता धरा. मी वर जातो. माझी गोळी आहे." प्रमुखानं वाद घातला नाही.

मी म्हटलं, मी येतो. त्यांना डाव्या डोळ्यानं कमी दिसतं हे मला माहीत होतं, गवतातला थेंब त्यांना दिसला नसता. आणि माग काढण्यात मी कुणाला हार जात नाही.

वैशूला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठंही जाणार नाही."

"मी विचारत नाहीये, सांगतोय."

"तुमच्या विम्यात अस्वल बसत नाही."

"बरं. अस्वलाला तसं सांगतो."

ती रडवेली झाली. पण मी गेलो.

लगेच वर गेलो नाही. पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या मागं लगेच लागलं तर ते पळत सुटतं, दूर जातं. त्याला बसू द्यावं लागतं. कान्नो-सानना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण त्यांच्याच्यानं बसवेना. "आपण इथं भात खातोय आणि ते तिथं," ते म्हणाले. ट्रकच्या सावलीत आम्ही भाताचे गोळे हातात घेऊन बसलो होतो. दोघांनीही खाल्ले नाहीत.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पोटात गोळी लागलेलं डुक्कर किती दिवस जगतं?"

"चार," मी म्हणालो. पटकन म्हणालो. मग माझं मलाच कळलं की मी काय बोललो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारायचं काही उरलं नव्हतं, फक्त थांबायचं होतं, आणि थांबणं त्यांना यायचं.

मग मी सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं नव्हतं, ते या परमुलखातल्या माणसाला मोडक्या शब्दांत सांगितलं. मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. झाडीपट्टीतलं आमचं गाव. गावच्या पाटलाकडे पीकरक्षणाची बंदूक, ती मी मागून घेतली, ऐट म्हणून. धानाच्या बांधावर डुक्कर समोर आलं आणि मी समोरूनच झाडली. लागली. रक्त दिसलं. मी गावात येऊन सांगितलं, लागली, मरेल कुठंतरी. माग काढायला गेलो नाही. संध्याकाळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. चौथ्या दिवशी सखूबाई नावाची बाई सरपण आणायला गेली होती. त्या डुकरानं तिची मांडी फाडली. तेच डुक्कर होतं, त्याच्या पोटाला किडे पडलेले लोकांनी पाहिले. मी तिला खाटेवर घालून सात कोस दवाखान्यात नेलं. ती जगली, लंगडी झाली. मी भीतीनं माग सोडला होता हे कुणाला कळलं नाही, उलट सगळं गाव म्हणालं, बोरकराचा पोरगा देवमाणूस. सखूबाई दर वर्षी माझ्या घरी आंबाडीची भाजी पाठवायची. तीस वर्षं पाठवली. मी तीस वर्षं खाल्ली. पुढं ती म्हातारी होऊन वारली.

"मी डुक्कर मारलं म्हणालो होतो तुम्हाला," मी म्हटलं. "मी नाही मारलं. ते मेलं."

कान्नो-साननी मला समजावलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. उठले, बंदूक घेतली. म्हणाले, "चला. आज पहिला दिवस आहे."

त्या दुपारी आम्ही दोनशे पावलंच माग काढू शकलो. शरदातलं अस्वल चरबीनं भरलेलं असतं, भोक आतून बुजतं, रक्त बाहेर येत नाही. पान उलटलेलं, देठावर मांडीच्या उंचीला पुसटसा डाग, चिखलात अर्धा पंजा, यावर चालायचं. मी पुढं वाकून, ते माझ्या उजव्या खांद्यामागं, बंदुकीची नळी वर. सूर्य मावळला की कायद्यानं बंदूक बंद. मी डाग पडलेल्या शेवटच्या देठाला माझा रुमाल बांधला आणि आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुत्र्यांची टोळी पोचायच्या आधीच, ते सापडलं. पडलेल्या देवदाराच्या खोडाला पाठ लावून बसलं होतं, पंधरा-वीस पावलांवर. जखमेवर त्यानं चिखल थापून घेतला होता. तोंड आमच्याकडे. कान मागं. श्वासाचा आवाज ऐकू येत होता, भाता फाटल्यासारखा.

कान्नो-साननी बंदूक खांद्याला लावली आणि थांबले. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बोट चापावर नव्हतं, बाजूला सरळ होतं. समोरून मारायचं नाही हे ते आता, इथंही, पाळणार होते. अस्वल उठून अंगावर आलं असतं तर दोघांतला एक तरी संपला असता, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

मी डावीकडे निघालो. हळू, काठी टेकत, गवत वाजवत. माझ्याकडे बघ, असं मनात म्हणत. कान्नो-साननी डाव्या हाताची बोटं जरा खाली दाबली, म्हणजे वर चढू नका, उताराला राहा. गोळीच्या मागं नुसता डोंगर हवा होता त्यांना, माणूस नको. मी दहा पावलं गेलो, पंधरा गेलो. अस्वलाची मान माझ्यामागं फिरली. मग खांदा फिरला. मग त्यानं पुढचा पाय उचलून माझ्या दिशेला टाकला.

एकच बार झाला. अस्वल बसल्या जागी कलंडलं. पाय एकदा ताणले, संपलं.

कान्नो-सान तडक माझ्याकडे आले. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते इतके चिडले होते की ओठ पांढरे पडले होते. "पुन्हा असं करायचं नाही," ते म्हणाले. "तुमची लेक मला काय म्हणाली असती?" मग ते अस्वलापाशी गेले, बंदूक बाजूला ठेवली, टोपी काढली, आणि त्याच्या पोटावरचा वाळलेला चिखल हातानं काढायला लागले. सगळा काढला. झरा जवळ होता, तिथून टोपीत पाणी आणून ती जागा धुतली. पुरायचंच होतं त्याला. तरी धुतली.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले आणि बंदूक, परवाना, कपाटाची किल्ली जमा करून आले. परवान्याला अजून वर्ष शिल्लक होतं. ठाण्यातला माणूस म्हणाला, घाई काय आहे? ते म्हणाले, "घाई मी परवा केली."

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. कोट घातलेला, केस चापूनचोपून बसवलेले. ट्रकमध्ये मिठाईचे डबे, कागदात गुंडाळलेले. डोंगराकडच्या वस्तीत चौदा घरं, ज्यांची वाट दोन दिवस बंद राहिली होती. त्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागायची. तिकडं ती रीत आहे. मी म्हटलं, मी कशाला? ते म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर होता."

पहिल्या घराची बेल वाजवली. बाई बाहेर आली. कान्नो-सान कमरेत वाकले आणि म्हणाले, "माझी गोळी चुकीच्या जागी लागली. दोन दिवस तुम्हाला भीतीत काढावे लागले. क्षमा असावी." बाई म्हणाली, छे छे, तुम्हीच तर आम्हाला वाचवलंत. ते उठले नाहीत. तिनं डबा घेतला तेव्हाच उठले. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. शब्द एकही बदलला नाही.

चौथ्या घरापासून मीही वाकायला लागलो. का, ते त्यांनी विचारलं नाही. घरच्यांना वाटलं असेल, परदेशी पाहुणा रीत पाळतोय.

साइतोबाईंचं घर अकरावं. त्यांनी दार उघडलं आणि कान्नो-सान बोलायच्या आधीच त्या वाकल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला तसं बोलले म्हणून तुम्ही…"

"चाप माझ्या बोटानं ओढला," कान्नो-सान म्हणाले. आणि पुढं तेच शब्द, पहिल्या घरी म्हणाले होते तेच. दोघंही वाकलेले, कोणी आधी उठेना. शेवटी साइतोबाईच डोळे पुसत म्हणाल्या, "चहा तरी घ्या, नाहीतर मी अशीच राहीन." आम्ही उभ्यानं चहा घेतला.

चौदावं घर झालं. ट्रकपाशी आलो तर एक डबा शिल्लक होता. मी म्हटलं, एक घर सुटलं वाटतं. त्यांनी डबा काढून माझ्या हातात दिला.

"त्या बाईंचं नाव काय होतं?"

मी डब्याकडे बघितलं. मग म्हटलं, "सखूबाई."

त्यांनी ते म्हणून बघितलं. दोनदा म्हणून बघितलं, नीट येईपर्यंत. मग विचारलं, "तुमचं गाव कोणत्या बाजूला?"

मी पश्चिमेला हात केला. डोंगराच्या पलीकडे, समुद्राच्या पलीकडे, आणखी एका मोठ्या देशाच्या पलीकडे. ते त्या बाजूला तोंड करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, डबा दोन्ही हातांत धरून. या वेळी बोलायचं मला होतं.

"सखूबाई," मी मराठीत म्हणालो, "माझी गोळी चुकीच्या जागी लागली."

आणि आम्ही दोघं वाकलो. बाजूनं शाळेची गाडी गेली, आतली पोरं खिडकीतून बघत होती. मी खूप वेळ वाकून राहिलो. जेव्हा उठलो तेव्हा कान्नो-सान अजून वाकलेलेच होते.